नऊ हजार आठशे बारा

तासांचा काटा या आकड्यावर थांबला
सात वर्षांपूर्वी, कर्बी स्टीव्हनच्या वरच्या शेतात,
एका संडासाच्या टाकीचा खड्डा अर्धा असताना.
पुढचे तास मी वहीत लिहिते.
पेन्सिलीने. थंडीत बॉलपेन रुसतं.

डेझ्मंड एअरीकडे मी हिशेब ठेवायची.
सात महिने पगार थकला तेव्हा
त्याने मला मागच्या आवारात नेलं आणि बोट दाखवलं:
पैसे नाहीत. हे आहे.
चौदा टन. डाव्या दाराला काच नाही,
तिथे खताची रिकामी पिशवी, दोरीने आवळलेली.
नवरा म्हणाला, पांढरा हत्ती घेतलास.
मी म्हटलं, पिवळा.

एअरी म्हणायचा 'ती'. मराठीत यंत्र नपुंसक.
सोळा वर्षांत माझं अजून ठरलेलं नाही.
चालू असतं तोवर ते,
बंद पडली की ती.

सकाळी आधी ग्रीस. एकवीस निपल.
जुनं काळं बाहेर येईपर्यंत बंदूक दाबायची,
मग हात पुसून चहा.
एक दिवस चुकलं तर पिन बोलत नाही.
वर्षभराने बोलते, आणि मग सगळ्यांसमोर.
साखळ्या दोनदा बदलल्या. बकेटचे दात किती, मोजले नाहीत.
मुख्य पंप गेला त्या महिन्यात
नवरा बिल बघून तीन दिवस गप्प होता,
चौथ्या रात्री स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला,
चुकीच्या बाजूला, पण उभा राहिला.

दुसऱ्यासाठी खड्डा खणू नये, आई सांगायची.
मी दिवसाच्या दराने खणले.
पाणी कुठं मुरतंय, हे आपल्याकडे संशयाने विचारतात;
इथे शेतकरी बूट चिखलात रुतवून
खरोखर तेच विचारतो,
आणि मी चर मारून दाखवते.

हिल्डा रेनचं तट्टू पुरलं, तेव्हा ती कुंपणापाशी उभी होती.
हळू, एवढंच म्हणाली.
मी बकेट उलटी केली
आणि तिच्या पाठीने माती थोपटली,
जशी पोळीवर उलथन्याची पाठ टेकवतात, तेवढीच.
चौदा टनांना इतकं हळू होता येतं
हे मलाही तेव्हाच कळलं.

बूमवर एअरीच्या वेल्डिंगची शिवण आहे,
जाड, घाईची, वाकडी, पण उसवली नाही.
तो आता ॲपल्बीच्या वृद्धाश्रमात.
माझं नाव विसरला.
अजून डावीकडे वळताना कण्हते का, हे मात्र विचारतो.
कण्हते.

काल पेन्रिथहून एक मुलगा बघायला आला.
साखळीवर पाय आपटला, तेल हुंगलं,
काट्यावरची धूळ अंगठ्याने पुसली:
नऊ हजार आठशे बारा!
वयाच्या मानाने काहीच चाललेलं नाही.
डोळे चमकले बिचाऱ्याचे.

माझ्या खिशात वही होती.
गप्प राहिले असते तर तीन-चार हजार पौंड जास्त.
मी राहिलेही गप्प. लाल डिझेलचा कॅन
एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला.
मग वही दिली.

त्याने पानं उलटली. सगळं देवनागरी,
आकडेसुद्धा. वही आडवी धरून बघितली.
हे काय आहे?
तास, म्हटलं. बाकीचे.

तो साखळीवर बसला, मी कॅनवर,
आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले,
त्याच्या भाषेत, अडखळत:
मंगळवार, साडेसहा तास, गोठ्याचा पाया,
होज फुटला, अर्धा दिवस वाया.
बुधवार, काम नाही. ग्रीस केलं.
गुरुवार, काम नाही. ग्रीस केलं.

अंधारलं तेव्हा मी
ईडनला पूर आला त्या डिसेंबरात होते.
किमतीचं कोणीच काढलं नव्हतं.
त्याने फोनचा उजेड वहीवर धरला,
बरोबर बाजूने,
आणि म्हणाला, पुढे?